पुरस्कार उंबरठ्यापर्यंत पोहोचावा

अल्झायमरवरील संशोधनाच्या मोठ्या गौरवांमध्ये २०१८ सालच्या ‘ब्रेन प्राइझ’चा उल्लेख करावा लागेल. डेन्मार्कमधील लुंडबेक प्रतिष्ठानाचा दहा लाख युरोंचा हा पुरस्कार बार्ट डी स्ट्रूपर, मिशेल गोएडर्ट, क्रिस्टियन हास आणि जॉन हार्डी यांना विभागून देण्यात आला. मेंदूत साचणाऱ्या अमिलॉइड व टाऊ या प्रथिनांचा या व्याधीशी असलेला संबंध उलगडण्यात चौघांचाही मोठा वाटा आहे. सन्मान यथोचितच होता. मात्र प्रयोगशाळेबाहेर, लोकांच्या उंबरठ्यावर झालेल्या संशोधनाची आपण कितपत दखल घेतो, हा प्रश्न मला एका घरगुती अनुभवामुळे छळत राहिला आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या काकूंना मी दिल्लीतील एका रुग्णालयात नेले होते. काकू शाळेत कधीच गेल्या नव्हत्या. त्यांना तारीख आणि साल विचारण्यात आले, एक वाक्य लिहावयास सांगण्यात आले. काकू म्हणाल्या, ‘‘एकादशी परवा झाली, म्हणजे आज त्रयोदशी.’’ उत्तर अचूक होते, पण गुण मिळाला नाही. कागदावर त्यांची स्मृती क्षीण ठरली. पुढे तीन वर्षांनी त्या खरोखरच घरच्यांची नावे विसरू लागल्या, तेव्हा मात्र ‘वय झाले’ असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पहिली चूक चाचणीची होती, दुसरी आमची. प्रशासनात उभे आयुष्य घालवूनही ती माझ्या लक्षात आली नाही.

पहिल्या चुकीवरचा उपाय दिल्लीपासून जवळच, हरियाणातील बल्लभगड परिसरात, १९९० च्या दशकातच शोधला गेला होता. डॉ. विजय चंद्रा, डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत–अमेरिका संयुक्त प्रकल्पात ५५ वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ७३ टक्के निरक्षर होते. त्यामुळे पाश्चात्त्य चाचणी जशीच्या तशी वापरणे अन्यायाचे ठरले असते. संशोधकांनी तिची हिंदी आवृत्ती घडवली. लेखी सूचना वाचून कृती करण्याऐवजी समोरच्याची कृती पाहून तशीच करावयाची. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी एक वाक्य बोलावयाचे. बदल वरकरणी साधे वाटतात; पण निरक्षरता आणि विस्मृती यांतील सीमारेषा त्यांनीच आखली.

या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये अल्झायमरचे प्रमाण १.०७ टक्के आढळले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार याच वयोगटात नव्या रुग्णांचा दर हजार व्यक्ति-वर्षांमागे ४.७ होता, अमेरिकेतील पेनसिल्वेनियाच्या मोनोंगहेला खोऱ्यात तो १७.५ होता. जगातील नीचांकी दरांपैकी हा एक, पण संशोधकांनी विजयाचा डंका पिटला नाही. पाठपुराव्याचा अल्प कालावधी आणि सांस्कृतिक घटक ध्यानात घेऊन हा निष्कर्ष सावधपणे वाचावा, असे त्यांनी स्वतःच बजावले.

तो इशारा किती रास्त होता, हे पुढे दिसले. वृद्धांच्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीशी जोडलेल्या अभ्यासाने २०२३ मध्ये ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे अनुमान मांडले. स्त्रिया, ग्रामीण व अल्पशिक्षित यांच्यात ते अधिक होते. दोन्ही अभ्यासांतील वयोगट, व्याधीची व्याख्या आणि पद्धती भिन्न असल्याने आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी एवढेच जाणतो की, दप्तरात नोंद नाही म्हणून माणसे नव्हती असे होत नाही. नोंदीचे साधन कोणासाठी घडवले होते, हे आधी पाहावे लागते.

इथेच पुरस्कारांचा प्रश्न धोरणाचा होतो. विज्ञान पुरस्कारांची फेररचना करून केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार’ जाहीर केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रपती भवनात ते प्रथमच प्रदान झाले. त्यातील ‘विज्ञान टीम’ हा तीन वा अधिक संशोधकांच्या संघासाठी आहे. पहिला मान चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला, याचा प्रत्येकाला अभिमानच आहे. परंतु गावोगाव फिरून, वर्षानुवर्षे त्याच वृद्धांच्या दारी जाऊन माहिती जमवणारा चमूही याच मानाचा अधिकारी आहे. निवडीच्या निकषांत दीर्घकालीन क्षेत्रीय अभ्यासाला स्पष्ट स्थान असावे. मानपत्रात घरोघरी गेलेल्या क्षेत्र-कार्यकर्त्यांचाही उल्लेख व्हावा. गौरवलेली चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेण्याची जबाबदारीही शासनाने त्याच दिवशी स्वीकारावी. अन्यथा पदक दिवाणखान्यात राहते आणि रुग्ण रांगेत.

काकू आता नाहीत. त्यांना त्या दिवशी घराविषयी एक वाक्य बोला, असे कोणी म्हटले असते, तर त्या थांबल्या नसत्या. ते ऐकून घेणारे विज्ञान या देशात घडले आहे. त्याचा सन्मान करणे म्हणजे पुढच्या काकूंना योग्य वेळी ओळखणे होय.