काचेच्या पेटीतले पाणी का बिघडते?

लेकरांच्या हट्टापायी आज आपल्या वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरातही माशांची काचेची पेटी दिसू लागली आहे. वाळू घातली, हिरवी रोपटी लावली, मासे सोडले की घर आनंदून जाते. पण आठवडा होत नाही तोच पाणी दुधासारखे पांढरट होते, पुढे काच हिरवी पडते. मग रविवारी सगळे पाणी मोरीत ओतून पेटी लख्ख घासली जाते. आमच्याही घरी हेच झाले. दुसऱ्या दिवशी तीन मासे उलटे तरंगत होते. मुलगी दिवसभर जेवली नाही. "पप्पा, पाणी तर स्वच्छ होतं ना?" तिच्या या प्रश्नाने मला शोध घ्यायला लावला.

दिसायला स्वच्छ पाणी माशांना मानवेलच असे नाही. विष्ठा व उरलेले खाद्य कुजून अमोनिया हे विष तयार होते. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्यामानाने सौम्य. ते रोपटी खत म्हणून शोषून घेतात. ही व्यवस्था बसायला 4 ते 6 आठवडे लागतात. पेटी घासली की सगळे पुन्हा पहिल्यापासून! शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि या जिवाणूंनाही मारते.

नव्या पेटीतला पांढरटपणा बहुधा पाण्यात एकदम वाढलेल्या जिवाणूंचा असतो. खाद्य कमी करून धीर धरला, तर काही दिवसांत तो आपोआप निवळतो. तुरटी मात्र फिरवू नये. तिने पाण्याचा गुण बदलतो व मासे दगावू शकतात.

शेवाळ वाढते ते जास्त उजेड आणि जास्त खताने. पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावी, दिवा 6 ते 8 तासच लावावा. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. रोपटी भरपूर असली की शेवाळाच्या वाट्याला खत उरत नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे 55 लिटर पाणी मावते. आठवड्याला त्यातले पाव, म्हणजे एक बादलीच बदलावी. नवे पाणी दिवसभर उघडे ठेवून मगच घालावे. स्पंज नळाखाली न धुता काढलेल्या पाण्यातच खळबळावा आणि ते पाणी दारातल्या झाडांना घालावे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागरीसाठी रात्री जागलेल्या आयाबहिणींना पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. पेटीभर पाणी दर रविवारी मोरीत ओतणे आपल्याला परवडणारे नाही.

आणखी एक. नांदेडला गोदावरीत सांडपाणी मिसळते, तिथे जलपर्णी माजते. कारण तेच, पाण्यात गेलेले फाजील खत. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. शोभेचे झाड म्हणून आपल्याकडे आली. म्हणून पेटीतली रोपटी किंवा मासे नदीत सोडू नयेत.

आमच्या पेटीत आता पुन्हा मासे आहेत. खाद्याची चिमूट मुलगीच मोजून टाकते, आणि धाकट्याने जास्त टाकायला हात पुढे केला की त्याचा हात धरते.