पडदा कोणी सारायचा?

मालाच्या ढिगापाशी उभे राहून, हातांवर रुमाल टाकून, त्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची 'हत्ता' नावाची रीत आपल्या जुन्या बाजारपेठांत रूढ होती. भाव अडत्या आणि खरेदीदार या दोघांनाच ठाऊक, आणि ज्याने वर्षभर राबून माल आणला तो शेतकरी मात्र रुमालाकडे पाहत उभा. पुढे कायद्याने उघड लिलावाचा दंडक घातला. ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्यास 'प्रकटीकरण' म्हणते त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा धात्वर्थ आच्छादन दूर करणे असाच असल्यामुळे, पुण्याच्या मार्केट यार्डातून निघून शेजारच्या बिबवेवाडीत, १९८३ साली यवतमाळहून आलेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या वाटेने जाताना, मला तो रुमाल हटकून आठवतो.

पण रुमाल उचलायचा कोणी? 'साक्षात्कार' म्हटले की आपल्या मनात साधकाची तपश्चर्या उभी राहते, जरी कृपेवाचून ती व्यर्थ होय असे आपल्या संतांनीही परोपरीने सांगितले आहे. ख्रिस्ती विचार तर सारा पुढाकार परमेश्वराकडेच ठेवतो. सृष्टी आणि सदसद्विवेक यांतून सर्वांस लाभते ते सामान्य प्रकटीकरण. इस्राएलचा इतिहास, संदेष्ट्यांची वाणी आणि अखेरीस येशू ख्रिस्त यांतून घडले ते विशेष. ईश्वर प्रकट होतो तेव्हा स्वतःविषयीची माहिती देऊन थांबत नाही, स्वतःलाच देतो, हाच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी जाहीर केलेल्या 'देई वर्बुम' या दस्तऐवजाचा रोख आहे. आणि म्हणून बायबलकडेही फर्मान म्हणून पाहण्याआधी साक्ष म्हणून पाहावे लागते.

साक्ष म्हटली की ती ऐकणाऱ्यास समजली पाहिजे, आणि ही गोष्ट महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंइतकी कोणी जिवाला लावून घेतली असेल असे मला वाटत नाही. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने पुढे केडगावच्या मुक्ति मिशनात हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणावयास घेतले. आणि ज्या संस्कृतावरील प्रभुत्वामुळे त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली, तेच पांडित्य त्यांनी या कामी बुद्ध्या बाजूस ठेवले, कारण आश्रमातल्या अल्पशिक्षित बाईलाही शास्त्र कोणाच्या मध्यस्थीवाचून वाचता यावे हा त्यांचा आग्रह होता. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे कामही तेथल्या स्त्रियांच्याच हातांनी झाले. नवा करार १९१३ साली निघाला; संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.