चेन, सील आणि पाटे: जुन्या टोयोटा पिकअपचं दीर्घायुष्य

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खरखर ऐकू येते आणि मग थांबते. १९८५ ते १९९५ या काळातली टोयोटा पिकअप बाळगणारा अमेरिकेतला कुठलाही मालक हा आवाज ओळखतो. ऑइलचा दाब चढला की खरखर बंद होते, त्यामुळे नवखा माणूस निर्धास्त होतो. जाणता माणूस मात्र लगेच व्हॉल्व्ह कव्हर काढतो आणि बॅटरीच्या उजेडात आत डोकावून पाहतो.

तो शोधत असतो प्लॅस्टिकची एक पट्टी. या गाडीतलं '२२आरई' हे २३६६ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन बेल्टवर चालत नाही. त्यात टायमिंग चेन आहे. जुन्या इंजिनांत ही चेन दुहेरी होती. १९८३च्या सुमारास टोयोटाने ती एकेरी केली आणि तिला सरळ धावायला लावणाऱ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या झाल्या. लाखभर मैलांनंतर हे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तुटतं. सैल झालेली चेन मग ॲल्युमिनियमच्या टायमिंग कव्हरवर घासू लागते, रोज थोडं थोडं कापते, आणि एक दिवस कव्हरमागच्या पाण्याच्या वाटेपर्यंत पोहोचते. कूलंट ऑइलमध्ये उतरतं. त्यानंतरही कुणी गाडी तशीच दामटली तर क्रँकची बेअरिंगं जातात आणि चांगलं इंजिन भंगारात निघतं.

उपाय माहीत आहे आणि मूळ भागापेक्षा चांगला आहे. बाजारात पोलादी पाठीच्या पट्ट्या मिळतात. काही जण सगळी रचनाच जुन्या दुहेरी चेनवर नेतात. काम करताना एका बोल्टकडे नीट लक्ष ठेवावं लागतं. तो हेडच्या पुढच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटरच्या गिअरखाली, ऑइलच्या डबक्यात बुडालेला असतो. दिसत नाही म्हणून तो राहून जातो, माणूस कव्हर जोर लावून ओढतो आणि ते तडकतं. जुन्या गाडीची देखभाल म्हणजे बरंचसं असं ज्ञान असतं: कुठला बोल्ट कुठे दडला आहे, हे आधी कुणाला तरी कळलेलं असतं आणि त्याने ते पुढे सांगितलेलं असतं.

या गाडीचं घराणं हायलक्सचं. पहिली हायलक्स १९६८ साली हिनो कंपनीच्या कारखान्यात तयार झाली. चारही चाकांना जोर देणारी हायलक्स १९७९ साली आली. अमेरिकेत 'हायलक्स' हे नाव १९७०च्या दशकातच गळालं आणि ती नुसती 'टोयोटा पिकअप' म्हणून विकली गेली. आयात ट्रकवर तिथे १९६४पासून २५ टक्के कर आहे. तो चुकवण्यासाठी टोयोटा बरीच वर्षं केबिन आणि चासी एवढंच जहाजाने पाठवायची आणि मागचा हौदा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला बनवून बसवायची. १९९१पासून फ्रीमाँटच्या कारखान्यात पूर्ण गाडी तयार होऊ लागली आणि १९९५ साली तिची जागा टॅकोमाने घेतली. म्हणजे आज अमेरिकेच्या रस्त्यावर दिसणारी यातली नव्यात नवी गाडीसुद्धा तिशीच्या आसपास आहे. दोन-तीन लाख मैल फिरलेल्या गाड्या सर्रास भेटतात, आणि किलोमीटरमध्ये हा आकडा तीन ते पाच लाखांच्या घरात जातो.

ही गाडी मरतच नाही, अशी तिची ख्याती आहे. त्या ख्यातीला बीबीसीच्या 'टॉप गिअर' कार्यक्रमाने २००३ साली मोठा हातभार लावला. त्यांनी १९८८ सालची, १ लाख ९० हजार मैल फिरलेली डिझेल हायलक्स घेतली. ती समुद्राच्या भरतीत बुडवली, पेटवून दिली आणि शेवटी २४० फूट उंच इमारतीच्या गच्चीवर ठेवून ती इमारतच सुरुंगाने पाडली. दरवेळी गाडी पुन्हा सुरू झाली. पाहणाऱ्यांच्या लक्षात गाडी राहिली. खरी दाद द्यायला हवी ती सोबतच्या मेकॅनिकला. पुढची काच सोडली तर नवे सुटे भाग वापरायचे नाहीत, हाताशी साधीच अवजारं, अशा अटींवर त्याने ती उभी केली. समुद्रातून काढलेलं इंजिन आपोआप सुरू होत नाही. ते खोलून, पाणी काढून, पुसून सुरू करावं लागतं. ते तसं खोलता येतं, हा या गाडीचा सर्वांत मोठा गुण आहे.

खोलता येणं म्हणजे काय, हे पुढच्या ॲक्सलवर कळतं. १९७९ ते १९८५च्या गाड्यांना पुढेही अखंड ॲक्सल आणि पाटे होते. ॲक्सलच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळ्यासारखा नकल असतो आणि त्याच्या आत, चाक वळलेलं असतानाही जोर पोहोचवणारा 'बर्फील्ड' सांधा ग्रीसमध्ये फिरतो. डिफरेन्शियलमधलं पातळ ऑइल या ग्रीसपर्यंत येऊ नये म्हणून ॲक्सलच्या नळीत एक ऑइल सील बसवलेलं असतं. हे सील म्हातारं झालं की ऑइल नकलमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन काढतं आणि काळा रस्सा चाकाच्या आतल्या बाजूने ओघळू लागतो. मालकाला वाटतं, थोडं गळतंय, गळू दे. खरं तर एकाच वेळी दोन ठिकाणी उपासमार चाललेली असते: डिफरेन्शियलमध्ये ऑइल कमी होतं आणि सांध्यात ग्रीस उरत नाही.

हे काम घाणेरडं आहे, अवघड नाही. चाक, ब्रेक, हब उतरवायचे, नकल सोडवायचा, सगळं डिझेलने धुवायचं, बेअरिंगं तपासायची, शिम मोजून परत बसवायच्या, नवं सील, मॉलिब्डेनमयुक्त ताजं ग्रीस. दोन्ही बाजू मिळून शनिवार-रविवार जातो. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं तिथे बघावं लागत नाही.

१९८६ साली अमेरिकेतल्या गाडीला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आणि टॉर्शन बार आले. गाडी रस्त्यावर मऊ चालू लागली, आणि फाटणारे रबरी बूट, झिजणारे बॉल जॉइंट, ढिला होणारा स्टिअरिंगचा आयडलर आर्म ही नवी कामंही आली. ऑस्ट्रेलियात मात्र पुढे पाटे असलेली अखंड ॲक्सलची हायलक्स १९९७पर्यंत विकली जात होती. खडकांवर गाडी चालवणारे अमेरिकन आजही जुन्या गाड्यांचे अखंड ॲक्सल हुडकून नव्या गाड्यांखाली बसवतात.

चारही चाकांना जोर देणारी या गाडीची व्यवस्था अर्धवेळ आहे. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फरक सामावून घेणारं मधलं डिफरेन्शियल नाही. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळलं तर चाकांना घसरायला वाव मिळत नाही आणि सगळा ताण शाफ्ट, त्यांचे 'क्रॉस' सांधे आणि गिअर यांच्यावर येतो. म्हणून ती मातीत, चिखलात, बर्फातच जोडायची. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वर्षानुवर्षं न जोडलेली यंत्रणा सुकते, पुढच्या चाकांना शाफ्टशी जोडणारे हब जाम होतात, सील कडक होतात. महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर हब फिरवून, फोर-व्हील टाकून चार-पाच किलोमीटर चालवलेली गाडी गरजेच्या वेळी दगा देत नाही. खरेदीच्या वेळी 'फोर-व्हील कधी वापरलंच नाही' असं मालक अभिमानाने सांगतो, तेव्हा ते चांगलं लक्षण समजू नये.

एवढं सगळं बदलता येतं. चासी बदलणं मात्र जवळपास गाडी नव्याने बांधण्यासारखं असतं, आणि तिथेच टोयोटाचा खरा कमकुवतपणा आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. चासीच्या पेटीसारख्या भागात मीठ-माती साचते आणि लोखंड आतून खाल्लं जातं. नंतरच्या टॅकोमामध्ये हा प्रश्न इतका वाढला की २००८ साली कंपनीने १९९५ ते २०००च्या गंजलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट दराने परत घेतल्या. २०१६ साली टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया मिळून सुमारे १५ लाख गाड्यांसाठी ३.४ अब्ज डॉलरपर्यंतच्या तडजोडीला कंपनी तयार झाली. म्हणून गाडी बघायला जाताना इंजिनाआधी चासी बघावी: मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ, इंधनाच्या टाकीच्या वर, आडव्या पट्ट्यांच्या जोडांवर हातोडीने ठोकत जावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रा पडला तर किंमत कितीही कमी असो, परत फिरावं. खाऱ्या वाऱ्याच्या किनारी गावांत जुनी गाडी घेणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांनाही हाच नियम लागू आहे.

आता सुधारणांकडे. इथे बहुतेक मालक उलट क्रमाने जातात. पहिला पगार टायरवर.

मूळ टायर २२५/७५ आर १५, म्हणजे व्यास सुमारे २८ इंच. त्याजागी ३३ इंची टायर बसवले की गाडी रुबाबदार दिसते आणि हिशेब सुरू होतो. चाकाचा घेर सुमारे १७ टक्के वाढला. ११६ हॉर्सपॉवरच्या आतबाहेरचं इंजिन आता त्याच गिअरमध्ये तितकं जास्त वजनदार काम करतं. पाचवा गिअर चढावर निरुपयोगी होतो, क्लच लवकर जातो. मग डिफरेन्शियलचे क्राउन-पिनियन ४.१० ऐवजी ४.८८ प्रमाणाचे घालावे लागतात, पुढे आणि मागे दोन्हीकडे, कारण दोन्हींचं प्रमाण एकच असावं लागतं. टायर मडगार्डला घासू नये म्हणून गाडी उचलावी लागते. गाडी उचलली की शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस झिजतात, ब्रेकच्या रबरी नळ्या अपुऱ्या पडतात.

आणि एक गोष्ट हमखास निसटते. मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक बारीक सळई जाते. ती वजन ओळखणारा ब्रेकचा व्हॉल्व्ह चालवते: हौद्यात माल भरला, गाडी दबली, की मागच्या ब्रेकला जास्त दाब. गाडी उचलल्यावर व्हॉल्व्हला वाटतं, हौदा रिकामाच आहे, आणि मागचे ब्रेक कायमचे मंद होतात. सळईचा कंस तितकाच वर सरकवला की प्रश्न सुटतो. हे न करता विकलेल्या गाड्या रस्त्यावर आहेत, ही गंभीर बाब आहे.

मोठ्या टायरचा आणखी एक परिणाम खरेदीदाराने ध्यानात ठेवावा. मीटर दुरुस्त केला नसेल तर ३१ इंची टायरवर तो सुमारे ९ टक्के कमी अंतर दाखवतो. मीटरवर दोन लाख मैल दिसत असतील आणि सगळे याच टायरवर झाले असतील, तर गाडी प्रत्यक्षात २ लाख १९ हजारांच्या आसपास फिरली आहे.

सगळ्याच सुधारणा अशा शेपटासारख्या वाढत नाहीत. पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसचे गिअर बदलणं ही मोजून-मापून केलेली उत्तम सुधारणा आहे. मूळ लो गिअर २.२८ चा. पहिला गिअर ३.९५, मागचं प्रमाण ४.१०, यांचा गुणाकार केला तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाचे सुमारे ३७ फेरे होतात. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या 'मार्लिन क्रॉलर' या कार्यशाळेने ४.७ प्रमाणाचे गिअर आणि एकामागे एक दोन ट्रान्सफर केस जोडण्याची पद्धत लोकप्रिय केली. ४.७ चे गिअर घातले की तेच फेरे ७६ होतात. सिएरा नेवाडातल्या रुबिकॉनसारख्या खडकाळ वाटेवर गाडी मग क्लच न दाबता, माणसाच्या चालीपेक्षा हळू उतरते. रस्त्यावरच्या वेगाला याचा काहीच त्रास नाही, कारण हाय गिअर तसाच राहतो.

स्वस्तातल्या सुधारणांचं समाधान तर वेगळंच. गिअरच्या दांडीच्या तळाशी प्लॅस्टिकची छोटी वाटी असते. ती झिजली की दांडी हातात लोंबते आणि लोक गिअर बॉक्स गेला असं समजतात. वाटी बदलायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. हेडलाइटला रिले आणि जाड वायर दिली की विजेची वाटेतली गळती थांबते आणि तेच बल्ब उजळ दिसतात. बॅटरीच्या अर्थिंगच्या वायर नव्या घातल्या की 'कधीतरी स्टार्ट होत नाही' हा रोग बऱ्याच गाड्यांत बरा होतो. टप्पेट गरम इंजिनावर सेट करायचे, इनटेकला ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०, एक फिलर गेज आणि एक संध्याकाळ.

देखभालीने काय साधतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण याच कंपनीच्या थोरल्या पिकअपचं आहे. लुइझियानातल्या एका माणसाने २००७ची टुंड्रा नऊ वर्षांत दहा लाख मैल चालवली. इंजिन मूळचं, गिअर बॉक्स मूळचा. सर्व्हिस वेळच्या वेळी. २०१६ साली कंपनीने ती गाडी अभ्यासासाठी मागून घेतली आणि त्याला नवी दिली.

भारतात हायलक्स २०२२ साली आली. टोयोटा-किर्लोस्करच्या बंगळुरूजवळच्या बिडदी कारखान्यात ती तयार होते. तिचं २.८ लिटरचं डिझेल इंजिन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं आहे आणि घरच्या पान्यांनी ते फार खोलता येत नाही. पण खाली अजूनही शिडीसारखी चासी, मागे पाटे आणि अर्धवेळ फोर-व्हील हाच सांगाडा आहे. २०१६पासून इथे विकल्या जाणाऱ्या इसुझू व्ही-क्रॉसचाही तोच. या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्या आहेत.

तेव्हा सेकंडहँड फोर-व्हील पिकअप बघायला निघालेल्या वाचकाने एवढं करावं. जिचे टायर नवे, रंग नवा, लाइटबार झगमगता आणि चासीवर ताजा काळा रंग फासलेला आहे, ती दीड लाख किलोमीटर फिरलेली गाडी सोडून द्यावी. जिच्या सीटा फाटक्या, चासी कोरडी व उघडी, आणि डॅशबोर्डच्या खणात ऑइल, सील, बेअरिंगच्या तारीखवार पावत्यांची जाडजूड फाइल आहे, ती तीन लाख किलोमीटर फिरलेली गाडी घ्यावी.