पिशवीवर जात लिहिलेली नसते, पण गरिबी लिहिलेली असते

१४ एप्रिलला भीमजयंतीनिमित्त गावोगावी रक्तदान शिबिरे भरतात. मंडणगडपासून राजापूरपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे तरुणही बाही वर करून रांगेत उभे राहतात. त्यानंतर तीनच दिवसांनी, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिन येतो. तो मात्र आमच्यातल्या कोणाच्या लक्षात राहत नाही. वास्तविक आम्ही दिलेल्या रक्ताशी ज्यांचा जन्मभराचा संबंध येतो, त्या रुग्णांचा हा दिवस आहे. म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

हिमोफिलिया म्हणजे रक्त न गोठण्याचा जन्मजात आजार. रक्त गोठण्यासाठी शरीरात जे घटक लागतात, त्यांपैकी आठवा किंवा नववा घटक या रुग्णांत कमी असतो. आठव्या घटकाची कमतरता साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकात आढळते. जखम तर लांबच, नुसता मुका मार लागला तरी गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त साचते. वेळेवर उपचार झाले नाहीत तर सांधा कायमचा निकामी होतो. डोक्यात रक्तस्राव झाला तर जीवच जातो.

यावर मुख्य उपाय म्हणजे जो घटक कमी आहे तो बाहेरून देणे. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला विषाणू निष्प्रभ केलेले फॅक्टरचे इंजेक्शन मिळते. ज्याच्याकडे नाही, त्याने वर्षानुवर्षे रक्तपेढीतल्या प्लाझ्मा आणि क्रायोच्या पिशव्यांवर भागवले. साध्या रक्तपेढीत या पिशव्यांतला विषाणू मारण्याची सोय नसते. प्रत्येक पिशवीमागे एक नवा दाता, आणि प्रत्येक दात्यामागे एक नवा धोका. दहा वर्षांत शेकडो अनोळखी माणसांचे रक्त एकाच मुलाच्या अंगात जाते. त्यातून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा शिरकाव होतो.

हा इतिहास फार जुना नाही. आपल्या देशात रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ साली सक्तीची झाली. कावीळ क च्या तपासणीची सक्ती व्हायला २००१ साल उजाडले. त्याआधी ज्यांना रक्त मिळाले त्यांचे काय? शिवाय त्या काळी रक्त विकले जात होते. मोठ्या शहरांत इस्पितळाबाहेर उपाशी मजूर, हमाल, बेघर माणूस चार पैशांसाठी पुन्हा पुन्हा रक्त देत असे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला, तेव्हा कुठे १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची ही विक्री बंद झाली. म्हणजे विकणारा गरीब, आणि तेच न तपासलेले रक्त मुकाट्याने घेणाराही गरीब! मधला दलाल तेवढा सुखी.

श्रीमंत देशांतही हे घडले. ब्रिटनमध्ये १९७० आणि ८० च्या दशकांत दूषित रक्त आणि फॅक्टर यांमुळे तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही व काविळीची लागण झाली. त्यात हिमोफिलियाचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. पण तिथे रुग्णांनी चिवट लढा दिला, चौकशी आयोग बसला, मे २०२४ मध्ये त्याचा अहवाल आला आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आमच्याकडे माफी मागायची कोणी आणि कोणाची?

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. माहिती अधिकारात २०१६ साली बाहेर आलेली माहिती पाहा. ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१६ या काळात रक्त घेतल्यामुळे लागण झाल्याचे सांगणाऱ्या एचआयव्ही बाधितांची देशातली नोंद २,२३४ होती. मे २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसेमियाची चार मुले एचआयव्ही बाधित आढळली, त्यातले एक मूल दगावले. आजार वेगळा, पण वाट तीच, रक्ताच्या पिशवीची. लागण झाल्यावर काही काळ नेहमीच्या एलायझा तपासणीत विषाणू सापडत नाही. नॅट ही तपासणी हा काळ बराच कमी करते. पण ती महाग म्हणून २०२२ सालीही कायद्याने सक्तीची नव्हती. गरिबाच्या पोराच्या जिवापेक्षा तपासणीचा खर्च जड झाला!

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात याला अंतराची जोड मिळते. नऊ तालुके, घाट, खाड्या, आणि वाडीत येणारी एखादी एस.टी. हिमोफिलियाचे तज्ज्ञ उपचार म्हणजे मुंबईचे के.ई.एम., असाच अनेक वर्षे शिरस्ता होता. मुलाचा गुडघा सुजला की बापाने मजुरी बुडवायची आणि साडेतीनशे किलोमीटर गाठायचे. पुढे राज्याने काही जिल्हा रुग्णालयांत फॅक्टर मोफत देणारी केंद्रे सुरू केली, हे चांगलेच झाले. पण रात्री बारा वाजता डोक्यावर पडलेल्या मुलाला फॅक्टर तालुक्याच्या रुग्णालयात हवा, जिल्ह्याच्या कपाटात नव्हे.

घरातली परिस्थिती आणखी बिकट. दोष आईकडून येतो एवढेच ऐकून सून वाळीत पडते. खरे तर सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी नसतोच. कोणी भगताकडे नेतो, कोणी देवाचा कोप सांगतो. बुद्धाच्या मार्गावर चालणाऱ्यांनी तरी हे थोतांड घरात येऊ देऊ नये.

आता करायचे काय? २००१ पूर्वी ज्यांनी रक्त वा प्लाझ्मा घेतला असेल, त्या प्रत्येकाने कावीळ क ची तपासणी करून घ्यावी. हा आजार आज गोळ्यांनी, बहुतेकदा तीन महिन्यांत, पूर्ण बरा होतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली त्याचे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत आहेत. कावीळ ब ची लस प्रत्येक हिमोफिलिया रुग्णाला मिळालीच पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्याचे प्रमाणपत्र काढावे. एचआयव्ही बाधिताला शाळेतून, नोकरीतून वा दवाखान्यातून हाकलण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात ठेवावे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे शासनाचे प्राथमिक कर्तव्य असल्याचे बाबासाहेबांच्या संविधानात अनुच्छेद ४७ मध्ये लिहिले आहे. ते मागायला लाजायचे कारण नाही.

पाणी बाटते म्हणणाऱ्यांना १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी उत्तर दिले. आज इस्पितळात पिशवी टांगली की दात्याची जात कोणी विचारत नाही, हे योग्यच आहे. पण पिशवी कशी तपासली, हेही कोणी विचारत नाही, हे मात्र घातक आहे. यंदाच्या जयंतीच्या शिबिरात रक्तपेढीवाले आले की आपल्या कार्यकर्त्यांनी विचारावे, आमचे रक्त कोणत्या तपासणीतून जाते? नॅट आहे का? नसेल तर का नाही? रक्त देणाऱ्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. आंबडवे ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यातून हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जावा, एवढीच आमची अपेक्षा. जयभीम!