जबलपूरची जोंगा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लष्करातून निवृत्त झालेलं हेलिकॉप्टर विकत घेऊन उडवणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. जोंगा मात्र त्याच्या अंगणात उभी राहू शकते. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत घडलेल्या या गाडीनं सैन्याची अनेक वर्षं चाकरी केली. ती जपायची तर आधी काही समज खोडून काढायला हवेत.

गैरसमज : जोंगा म्हणजे थोराड जीपच.
वस्तुस्थिती : मूळ गाडी निसान पॅट्रोल, परवाना जपानी कंपनीचा, बांधणी जबलपूरची. बॉनेट उघडलं की एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं ३,९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन दिसतं. जीपचे सुटे भाग आणून ती उभी करायला गेलात, तर पैसे पाण्यात.

गैरसमज : लष्करी हिरवा रंग दिला की गाडी अस्सल.
वस्तुस्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण दलांच्या वाहनांना चालतो. खासगी नोंदणी करताना रंग बदलावाच लागतो.

गैरसमज : लिलावाची पावती हातात आली की गाडी आपली.
वस्तुस्थिती : सैन्यातून आलेल्या गाडीच्या नोंदणीसाठी आरटीओत नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. भंगारवाल्याकडून गाडी घेताना ते आधी मागा. नसेल, तर सौदा मोडा.

गैरसमज : पेट्रोल फार पिते म्हणून डिझेल इंजिन टाकलं, तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती : असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळचंच असेल तर. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं.

गैरसमज : झाकून ठेवली की जुनी गाडी टिकते.
वस्तुस्थिती : उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट साका धरतो. टाकी आतून गंजते, ब्रेकची रबरं कडक होतात, टायर एकाच जागी दबतात. व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. मात्र प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी नियमांनीच मुभा दिली आहे. ती पुरेपूर वापरा. जबलपूरच्या कामगारांनी ही गाडी खडकाळ वाटा तुडवण्यासाठी बांधली होती. ती चालती राहिली, तरच जपली म्हणायची.