इंजिनिअरिंगची डिग्री परवडणार का? ऑप्शन फॉर्म भरण्याआधी मांडा कर्जाचं गणित

'कॅप'ची फेरी सुरू झाली की घरोघरी चर्चा रंगते ती कॉलेज आणि ब्रँचची. कर्जाचा हप्ता मात्र आठवतो पाच वर्षांनी. 'इंडिया एम्प्लॉयमेंट रिपोर्ट २०२४'नुसार २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचा दर २९.१ टक्के होता. त्यामुळे डिग्रीवर खर्च करण्याआधी हिशेब मांडणं गरजेचं आहे.

हप्ता किती बसेल?

समजा, दरवर्षी सव्वा लाख याप्रमाणे चार वर्षांत ५ लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. व्याजदर १० टक्के, परतफेड सात वर्षांत. शिक्षणाची चार वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज सुरूच असतं. साध्या व्याजानं ते १ लाख ७५ हजार होतं. म्हणजे पहिल्या हप्त्याच्या वेळी कर्ज असतं पावणेसात लाख आणि हप्ता बसतो सुमारे ११,२०० रुपये. हातात २५ हजार पगार येत असेल, तर खोलीभाडं, मेस आणि प्रवासासाठी उरतात १३,८००.

शिकत असतानाच व्याज भरत गेल्यास हाच हप्ता सुमारे ८,३०० वर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला साधारण १,०४० रुपये असतं, सगळी रक्कम उचलल्यावर ते सुमारे ४,१७० पर्यंत जातं.

सवलत कुणाला?

- कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास खुल्या गटातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.
- याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे.
- अट महत्त्वाची : प्रवेश 'कॅप'मधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्चही यात धरलेला नसतो.

कॉलेजला काय विचाराल?

जाहिरातीतलं 'हायेस्ट पॅकेज' एखाद-दुसऱ्या विद्यार्थ्याचं असतं. त्याऐवजी मध्यक पगार विचारा. नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्यांना त्यापेक्षा कमी आणि निम्म्यांना जास्त पगार असतो. एनआयआरएफमध्ये भाग घेणारी कॉलेजेस हा आकडा देतात. तुमच्या ब्रँचमधून किती जण पास झाले आणि किती जणांना नोकरी लागली, हेही विचारा. पॅकेजमध्ये पीएफ, बोनस धरलेला असतो, हातात येणारी रक्कम त्याहून कमी असते.

मग घ्यायचा का प्रवेश?

मध्यक पगारातून हप्ता आणि राहण्याचा खर्च भागत असेल, तर कर्ज घ्यायला हरकत नाही. भागत नसेल, तर सरकारी किंवा घराजवळचं कॉलेज पाहा. दहावीनंतरच निर्णय घेणाऱ्यांसाठी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचा मार्ग आहेच. फक्त 'डिग्री हवीच' म्हणून मॅनेजमेंट कोट्यासाठी शेत किंवा घर गहाण ठेवण्याआधी हा हिशेब कागदावर एकदा नक्की मांडा.