निळा गाल, पिवळा गाल

रंगवलेल्या चेहऱ्याचा फोटो काढताना पहिली सूचना एकच द्यावी लागते: हसू नकोस. पाण्यात कालवून लावायचा फेसपेंट भराभर सुकतो आणि हसलं की नाकाच्या बाजूला त्याला तडे जातात. मग ओठ मिटलेले, गाल स्थिर, सगळी भिस्त डोळ्यांवर. हा प्रकार मला मनापासून आवडतो तो याचसाठी.

भाचीला एकांकिकेच्या पोस्टरसाठी फोटो हवा होता. अर्धा चेहरा निळा, अर्धा पिवळा. स्टुडिओ कशाला, आतली खोली पुरे.

"मामा, माझ्याकडे पोस्टर कलर आहेत की!"

साफ नाही म्हटलं. पोस्टर कलर, ॲक्रिलिक, रंगपंचमीचे रंग, यातलं काहीही डोळ्यांजवळ न्यायचं नाही. त्वचेसाठी बनवलेलाच रंग घ्यायचा, तोही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. स्पंज घट्ट पिळून टिपत टिपत लावायचा. पुसल्यासारखा फिरवला की पट्टे उठतात. आणि कान! ते हमखास राहून जातात, मग निळ्याजर्द गालामागे कोरी पाळी फोटोभर खुपत राहते.

खरा खल झाला तो कुठली बाजू खिडकीकडे करायची यावर. तिला पिवळी हवी होती. मी निळी केली. पिवळा मुळातच उजळ, सावलीतही तग धरतो. निळा सावलीत गेला की काळा पडतो. मागे काळी चादर टांगली, तिला चादरीपासून चांगली पुढे बसवली आणि ट्यूबलाइट बंद केली, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की रंग बिघडतात. सावलीकडून आई थर्माकोलचा तुकडा धरून उभी. तिला म्हटलं, जरा मागे सर. ती हातभर मागे गेली आणि पिवळ्या गालाखालची सावली अशी काही गडद झाली की त्या क्षणी फोटो जमला.

कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्सही बंदच ठेवला. समोर एवढा निळा दिसला की तो आपणहून चित्र पिवळसर करायला धावतो. त्यापेक्षा कोरा कागद चेहऱ्याजवळ धरून व्हाइट बॅलन्स हातानं ठरवायचा.

गायक डेव्हिड बोवीच्या 1973च्या 'अलादीन सेन' या अल्बमवरचा चेहरा अनेकांना आठवत असेल. फोटो ब्रायन डफीचा, रंगभूषा पिएर लारोशची. चेहऱ्यावर रंगवलेली वीज सुचली म्हणे स्टुडिओतल्या राइस कुकरवरच्या चिन्हावरून. गळ्याच्या हाडावरचा थेंब मात्र फिलिप कॅसलनं नंतर एअरब्रशनं रंगवला.

आम्हाला थेंब खरे हवे होते, आणि ते शेवटीच. पाण्यात विरघळणाऱ्या रंगावर फवारा मारला की परतीची वाट नाही. कोरडे फोटो मनासारखे झाल्यावर मगच बाटली उचलली. तिनं डोळे मिटले. फवारा बसला, कपाळावरून ओघळ सुटले, तिनं डोळे उघडले आणि मी बटण दाबत राहिलो. आई म्हणत होती, "अगं, डोळ्यांत जाईल!" पण पोरगी हलली नाही.

त्यातलाच एक फोटो निवडला. हनुवटीवर निळा पिवळ्यात उतरून हिरवा झालाय. संगणकावर फक्त मान थोडी गडद केली. हिरव्याला हात लावू द्यायला ती तयार नव्हती, आणि मीही नव्हतो.